कुत्र्याचे आखडलेले सांधे आणि सप्लिमेंटचा डबा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्रा तपासणीच्या टेबलावर चढायच्या आधीच पिशवीतून डबा बाहेर येतो आणि प्रश्नही येतो, "डॉक्टर, हे सुरू करू का?" पशुवैद्य म्हणून या प्रश्नाला मी रोज उभ्याउभ्या उत्तर देते, आणि उभ्याउभ्या दिलेलं उत्तर अर्धवट राहतं. म्हणून इथे जरा बसून लिहिलंय. प्रश्न लोक विचारतात तसेच ठेवलेत.

सकाळी उठताना आखडतो, पण दहा मिनिटांत नीट चालायला लागतो. वयच झालंय ना?

वय झालं असेल, पण वय हा काही आजार नाही. पडून राहिल्यावर आखडणं आणि चार पावलं टाकल्यावर मोकळं होणं ही सांध्यांच्या झिजेची, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसची ठळक खूण आहे. माणसांत ही झीज बहुधा उतारवयात सुरू होते. कुत्र्यांत तिचं मूळ पुष्कळदा लहानपणातच असतं. खुब्याची किंवा कोपराची घडणच सदोष असते, गुडघ्याची वाटी सरकत असते किंवा गुडघ्याला स्थिर ठेवणारा क्रुशिएट लिगामेंट नावाचा बंध फाटलेला असतो. त्या बिघाडावर भार पडत राहतो आणि सांधा झिजतो. त्यामुळे दोन वर्षांच्या लॅब्रॅडॉरलाही हा त्रास असू शकतो.

घरी बघण्यासारख्या गोष्टी सांगते. पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलतो का? जिन्याच्या पहिल्या पायरीशी थबकतो का? गाडीत उडी मारण्याआधी मागेपुढे करतो का? बसताना एक मांडी बाजूला टाकतो का? एकच सांधा सारखा चाटतो का? मागच्या पायांची नखं पुढून घासून बोथट झाली आहेत का? पुढचा पाय दुखत असेल, तर तो टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. हे नुसत्या डोळ्यांनी चटकन दिसत नाही, पण मोबाइलवर व्हिडिओ हळू करून पाहिला की स्पष्ट कळतं.

पण तो रडत नाही, ओरडत नाही. मग दुखत कसं असेल?

जुनाट दुखण्याला कुत्री सहसा ओरडत नाहीत. कमी हलतात, जास्त झोपतात, लहान मुलं अंगाशी आली की उठून जातात, कंबरेला हात लावला की मान वळवून बघतात. "हल्ली शहाणा झालाय, दंगा करत नाही" हे वाक्य ऐकलं की मी आधी खुबे तपासते.

तपासणी न करता सप्लिमेंट सुरू केलं तर काय बिघडलं?

सप्लिमेंटने सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते वाट पाहण्यात गेलेल्या दोन महिन्यांमुळे. लंगडण्यामागे झिजेखेरीज बरंच काही असतं. मोठ्या जातींमध्ये हाडाचा कर्करोग लंगडण्यापासूनच सुरू होतो. गोचिडांमुळे होणाऱ्या काही संसर्गांत एकापेक्षा जास्त सांधे सुजतात आणि तापही येतो. मणक्यातली चकती सरकली तर मागचे पाय लटपटतात, आणि मालकाला वाटतं खुबाच दुखतोय. जर्मन शेफर्डमध्ये एक मज्जारज्जूचा आजार दिसतो. त्यात पाय घासत जातात, पण दुखत काहीच नाही.

पाय अजिबात टेकत नसेल, मागचा भाग ओढत असेल, ताप असेल, सांधा गरम लागत असेल किंवा लंगडणं आठवड्यागणिक वाढत असेल, तर डबा बाजूला ठेवा आणि आधी दाखवून घ्या.

एक्स-रेबद्दल थोडं सांगते. एक्स-रेत दिसणारी झीज आणि कुत्र्याला होणारी वेदना यांचा मेळ बसेलच असं नाही. एक्स-रे भयानक असलेला कुत्रा उड्या मारताना मी पाहिलाय, आणि जेमतेम खूण दिसत असलेला कुत्रा उठायला नकार देतानाही. म्हणून हातानं तपासणं आणि चाल बघणं चुकत नाही.

सांध्याच्या आत नेमकं काय होतं?

हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, भोवती एक पिशवी असते आणि त्या पिशवीत वंगणासारखा द्रव असतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. रक्त नाही म्हणून ती नीट भरून येत नाही. मज्जातंतू नाहीत म्हणून ती झिजताना दुखतही नाही. दुखतं ते भोवतालच्या पिशवीला, तिच्या अस्तराला आणि कूर्चेखालच्या हाडाला. म्हणजे दुखायला लागेपर्यंत आत बरंच काही घडून गेलेलं असतं. "कूर्चा पुन्हा तयार करतं" असं डब्यावर लिहिलेलं असलं, तर ते वाक्य कुठल्या खात्यात टाकायचं ते तुम्हीच ठरवा.

ग्लुकोसामीन आणि कॉन्ड्रॉइटिन. सगळे तेच देतात. उपयोग होतो का?

माझं प्रामाणिक उत्तर : वेदना कमी करायला त्यावर अवलंबून राहू नका.

कल्पना ऐकायला छान आहे. ग्लुकोसामीन बहुतेक कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून बनतं, कॉन्ड्रॉइटिन जनावरांच्या कूर्चेपासून. दोन्ही कूर्चेचे घटक. मग कूर्चा झिजली तर तिचाच कच्चा माल पोटातून द्यावा, असा हा तर्क. पण पोटात गेलेली प्रत्येक वस्तू सांध्यापर्यंत पोचत नाही. कुत्र्यांवरच्या एका अभ्यासात तोंडावाटे दिलेल्या ग्लुकोसामीनपैकी सुमारे १२ टक्के आणि कॉन्ड्रॉइटिनपैकी सुमारे ५ टक्केच रक्तात उतरल्याचं दिसलं.

चाचण्यांचं चित्र उलटसुलट आहे. २००७ मधल्या एका चाचणीत ३५ कुत्री होती. काहींना ही जोडी दिली, काहींना कारप्रोफेन हे वेदनाशामक. ७० व्या दिवशी या जोडीच्या गटातही काही मोजमापं सुधारलेली दिसली, आणि तिचे समर्थक आजही याच चाचणीकडे बोट दाखवतात. पण त्यात नुसत्या खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीचा गट नव्हता. त्याआधीच्या एका चाचणीत पाय जमिनीवर किती जोरानं टेकतो ते यंत्रानं मोजलं होतं, आणि तिथे वेदनाशामकांनी फरक पडला, या जोडीनं पडला नाही. २०२२ साली कुत्र्या-मांजरांच्या आहारपूरकांवरच्या सत्तरेक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ च्या बाजूनं निकाल स्पष्ट होता. ग्लुकोसामीन-कॉन्ड्रॉइटिनबद्दल मात्र लेखकांनी जवळजवळ हात जोडले : सांध्यांच्या वेदनेसाठी याची शिफारस करू नये.

तुम्ही आधीपासून देत असाल आणि कुत्र्याला काही त्रास नसेल, तर अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. विषारी नाहीये ते. फक्त त्याच्या जागी आणखी काय करता आलं असतं, हा प्रश्न राहतो.

पण माझ्या कुत्र्याला तर खरंच फरक पडला! डोळ्यांनी बघितलं.

मीही बघितलं होतं. आमचा बंड्या नऊ वर्षांचा, ३१ किलो, डावा गुडघा तरुणपणीच दुखावलेला. मी त्याला ग्लुकोसामीनचे च्यू, म्हणजे चघळायच्या वड्या, सुरू केले आणि तिसऱ्या आठवड्यात भेटेल त्याला सांगत सुटले, की बंड्या पुन्हा पळायला लागलाय. सुदैवानं सुरू करण्याआधीचा एक व्हिडिओ मोबाइलमध्ये होता. तसाच दुसरा काढला, त्याच जागी, त्याच चालीनं. दोन्ही एका सहकाऱ्याला दाखवले, कुठला आधीचा ते न सांगता. त्यानं दोनदा बघितले आणि म्हणाला, "या पहिल्यात बरा चालतोय." तो पहिला व्हिडिओ च्यू सुरू करण्याआधीचा होता.

याला मूर्खपणा म्हणू नका, हा माणसाचा स्वभाव आहे. २०१२ मध्ये लंगडणाऱ्या ५८ कुत्र्यांचा एक अभ्यास आला. या सगळ्यांना खोटी गोळी दिलेली होती आणि पायाचा जोर यंत्रानं मोजलेला होता. यंत्राच्या मोजमापात सुधारणा नसतानाही ५७ टक्के वेळा मालकांना फरक जाणवला. पशुवैद्य तरी शहाणे निघावेत? आमची चूकही ४० ते ४५ टक्क्यांच्या घरात होती.

शिवाय झिजेचं दुखणं लाटांसारखं येतं-जातं. आपण डबा आणतो तो सगळ्यात वाईट दिवशी. तिथून पुढचे दिवस आपोआपच जरा बरे जातात, आणि श्रेय डब्याला मिळतं. बंड्याच्या बाबतीत त्याच तीन आठवड्यांत थंडीही ओसरली होती.

मग खरा फरक ओळखायचा कसा?

एक वही घ्या. तुमच्याच कुत्र्याला जड जाणारी तीन कामं निवडा. "बरा वाटतो" हे काम नव्हे. "रात्रीच्या झोपेनंतर उठून उभं राहायला किती सेकंद लागतात", "सोफ्यावर न थांबता चढतो का", "फिरताना कितव्या मिनिटाला बसकण मारतो" ही कामं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी लिहा. महिन्यातून एकदा व्हिडिओ काढा : कुत्रा तुमच्यापासून दूर जाताना, तुमच्याकडे येताना आणि बाजूनं. मोबाइल त्याच्या पाठीच्या उंचीवर धरा, वरून काढलेल्या व्हिडिओत काही कळत नाही.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. नवं तेल, नवी गादी आणि नवी गोळी एकाच सोमवारी सुरू झाली, तर कशानं काय झालं हे कुणीच सांगू शकणार नाही.

एकच सप्लिमेंट द्यायचं झालं तर कुठलं?

फिश ऑइल. त्यातली ईपीए आणि डीएचए ही दोन ओमेगा-३ आम्लं सांध्यातली दाहाची प्रक्रिया मंदावतात. २०१० मध्ये १३१ कुत्र्यांवर झालेल्या एका चाचणीत ज्यांच्या आहारात फिश ऑइलमधलं ओमेगा-३ वाढवलं होतं, त्यांचा कारप्रोफेनचा डोस इतरांपेक्षा लवकर कमी करता आला. माझ्या दृष्टीनं ही चांगली कसोटी आहे, कारण इथे वेदनाशामकच कमी लागलं.

घोडं अडतं ते डोसपाशी. बहुतेक घरांत दिलं जाणारं प्रमाण इतकं कमी असतं, की त्याला डोस म्हणायलाही संकोच वाटतो. झिजेसाठी सुचवलं जाणारं ईपीए आणि डीएचएचं एकत्रित प्रमाण १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण १७०० मिलिग्रॅम, २० किलोला २९००, ३० किलोला ४००० च्या आसपास येतं. वजन दुप्पट म्हणजे डोस दुप्पट असं हे गणित चालत नाही.

आता बाटली हातात घ्या. समोर ठळक अक्षरात "१००० मिलिग्रॅम" लिहिलंय, ते आख्ख्या तेलाचं वजन आहे. मागच्या बारीक अक्षरांत बघा. साध्या कॅप्सूलमध्ये बहुधा ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे कामाचं तेल ३०० मिलिग्रॅम. ३० किलोच्या कुत्र्याला यातल्या तेरा कॅप्सूल लागतील. तुम्ही देताय एक! आणि तेरा दिल्या तर सव्वाशेच्या आसपास कॅलरी नुसत्या तेलाच्या होतात, म्हणजे अशा कुत्र्याच्या दिवसभराच्या गरजेचा जवळपास दहावा भाग. म्हणून जास्त सांद्रतेचं तेल घ्या, म्हणजे कॅप्सूल निम्म्यावर येतात, आणि तेवढ्या कॅलरी जेवणातून कमी करा.

सुरुवात पाव डोसनं करा आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवा, नाहीतर जुलाब ठरलेलेच. वर दिलेले आकडे वरच्या टोकाचे आहेत, त्यापुढे जायला फारशी जागा नाही. स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्या कुत्र्याला, रक्त गोठण्याचा त्रास असलेल्याला किंवा शस्त्रक्रिया ठरलेल्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे तेल देऊ नका. सांध्यांसाठीचं खास डॉक्टरी खाद्य चालू असेल तर त्यात ओमेगा-३ आधीच भरपूर असतं, वरून पुन्हा पूर्ण डोस नको. बाटली उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा. तेलाला खवट वास आला तर फेकून द्या. कुत्रा आनंदानं चाटेल, पण त्याच्या आवडीवर जाऊ नका.

जवसाचं तेल किंवा कॉड लिव्हर ऑइल चालेल का?

जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं आहे. त्याचं ईपीएत रूपांतर करणं कुत्र्याच्या शरीराला फारसं जमत नाही, आणि डीएचएपर्यंत तर जवळजवळ नाहीच. सांध्यांसाठी त्यावर भिस्त ठेवू नका. कॉड लिव्हर ऑइल हे माशाच्या यकृताचं तेल, त्यात अ आणि ड जीवनसत्त्वं भरलेली असतात. सांध्यांना लागेल इतकं ते दिलं तर या दोन जीवनसत्त्वांचा अतिरेक होईल. नावं सारखी वाटतात, म्हणून लोक हमखास चुकतात.

कोलॅजेन, शिंपला, हळद, शल्लकी, एमएसएम... यातलं काय घेऊ?

यादी लांब आहे आणि पुरावा पातळ. यूसी-२ म्हणून मिळणारं दुसऱ्या प्रकारचं कोलॅजेन मला यातलं त्यातल्या त्यात विचार करण्यासारखं वाटतं. त्याचा डोस अगदी छोटा, सहसा दिवसाला ४० मिलिग्रॅम, कारण ते कच्चा माल म्हणून काम करत नाही. आतड्यातल्या प्रतिकारयंत्रणेला स्वतःच्या कूर्चेची ओळख करून द्यायची आणि तिचा दाह शांत करायचा, अशी त्यामागची कल्पना. चाचण्या आहेत, पण छोट्या. साधी कोलॅजेन पावडर म्हणजे यूसी-२ नव्हे, हे लक्षात ठेवा.

न्यूझीलंडचा हिरव्या ओठांचा शिंपला : काही चाचण्यांत थोडा फायदा, काहींत काहीच नाही. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून फारच कमी शोषलं जातं, त्यामुळे खाण्यावर चिमूटभर हळद टाकून सांध्याला पोचण्याइतकं काही हाती लागत नाही. कुत्रा मात्र पिवळा होतो. शल्लकीच्या डिंकावर २००४ मध्ये कुत्र्यांची एक चाचणी झाली आणि निकाल बरे दिसले, पण तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि तुलना नसली की काय होतं ते बंड्याच्या गोष्टीत आलंच आहे. एमएसएम या गंधकयुक्त संयुगाबद्दल कुत्र्यांत सांगण्यासारखं फार नाही.

एकाच गोळीत हे सगळे बारा घटक असतील तर तिला टाळा. बारा घटक बसवायचे म्हणजे प्रत्येक जण नावापुरताच.

माणसांची सांध्यांची गोळी अर्धी करून दिली तर?

साधी ग्लुकोसामीनची गोळी असेल तर सहसा काही होणार नाही. भीती तिच्या सोबत्यांची आहे. माणसांच्या चघळायच्या गोळ्यांत, गमीत आणि काही पातळ औषधांत झायलिटॉल नावाचा गोडवा असतो. तो कुत्र्याची रक्तातली साखर तासाभरात धोकादायक पातळीवर उतरवू शकतो, यकृतही निकामी करू शकतो. काही गोळ्यांत ड जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात असतं, तेही कुत्र्यांना घातक ठरतं.

आणि माणसांची वेदनाशामकं तर नकोच. आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक यांनी जठरात व्रण होतात, मूत्रपिंडं बंद पडतात. "एकच दिली होती, डॉक्टर" असं म्हणत हुंदके देणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्या एका गोळीमागे फक्त माया होती.

वेदनाशामकाचे दुष्परिणाम नकोत, म्हणून सप्लिमेंट देतोय. बरोबर ना?

हेतू समजतो, पण दोन्हींचं काम वेगळं आहे. कुत्र्यांसाठीची कारप्रोफेन, मेलोक्सिकॅम, फिरोकॉक्सिब ही औषधं तासांत किंवा दिवसांत वेदना उतरवतात. तेलाला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर कुत्र्यानं काय करायचं? दुखतं म्हणून तो हलत नाही, हलत नाही म्हणून मांडीचे स्नायू उतरतात, स्नायू उतरले की सांध्यावरचा भार वाढतो आणि आणखी दुखतं. हे चक्र आधी वेदनाशामकानं तोडायचं आणि मग तेल, वजन, व्यायाम यांच्या जोरावर डोस कमी करता येतो का बघायचं, हा माझा क्रम.

काळजी घ्यायची ती अशी : सुरू करण्याआधी आणि मग ठरावीक अंतरानं रक्ततपासणी. दोन वेदनाशामकं एकत्र नाहीत, स्टेरॉइडबरोबर नाहीत. उलट्या, काळी शी, जेवण सोडणं, हिरड्या किंवा डोळे पिवळे दिसणं यातलं काहीही झालं तर गोळी लगेच थांबवा आणि फोन करा.

महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन म्हणतात, ते सप्लिमेंटच का?

नाही, ते औषध आहे. बेडिनव्हेटमॅब हे वेदनेचा संदेश वाढवणाऱ्या एका प्रथिनाला अडवतं. युरोपात २०२० मध्ये आणि अमेरिकेत २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. अनेक कुत्र्यांना चांगला गुण येतो. २०२४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं चाल लटपटणं, झटके, लघवी वाढणं अशा नोंदवल्या गेलेल्या त्रासांबद्दल पशुवैद्यांना पत्र लिहिलं. म्हणून तोलून-मापून, तपासून द्यायची ही गोष्ट आहे. याखेरीज कूर्चेसाठीची काही इंजेक्शनंही असतात, सुरुवातीला आठवड्यातून एक-दोनदा, काही आठवडे. डब्यातल्या पावडरीशी त्यांची गल्लत करू नका.

वजन थोडं जास्त आहे, पण तो तसाच गुबगुबीत छान दिसतो. सांध्यांशी काय संबंध?

सगळा संबंध आहे. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

लॅब्रॅडॉरची ४८ पिल्लं घेऊन एक अभ्यास केला गेला, तो त्या कुत्र्यांच्या आयुष्यभर चालला. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावल्या. जोडीतला एक जेवढं खाई त्याच्या २५ टक्के कमी दुसऱ्याला दिलं. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आले. कमी खाणारी सरासरी १३ वर्षं जगली, दुसरी ११.२. सांध्यांच्या दीर्घ उपचारांची वेळ जास्त खाणाऱ्यांपैकी निम्म्यांवर १०.३ वर्षांपर्यंत आली, कमी खाणाऱ्यांत ती १३.३ वर्षांपर्यंत लांबली. तीन वर्षं! कुठल्याही डब्यानं मला आजवर तीन वर्षं दाखवलेली नाहीत.

आणि आधीच जाड झालेल्या, लंगडणाऱ्या कुत्र्यांचं काय? दुसऱ्या एका अभ्यासात वजन सहा टक्क्यांच्या थोडं वर उतरलं तिथपासूनच लंगडणं कमी होताना दिसलं. ३१ किलोच्या बंड्यासाठी हे दोन किलोंपेक्षाही कमी. आम्ही पाच महिन्यांत तीन किलो उतरवले. या वेळच्या व्हिडिओत सहकाऱ्यानं बरोबर ओळखलं, कुठला आधीचा आणि कुठला नंतरचा.

घरी तपासायचं असेल तर आपला तळहात पालथा धरून बोटं सरळ ठेवा आणि दुसऱ्या हातानं बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांवरून हलकेच फिरवा. कुत्र्याच्या फासळ्या अशा लागायला हव्यात. मूठ वळल्यावर ती हाडं जशी टोकदार लागतात तशा लागल्या तर कुत्रा फार बारीक आहे, आणि तळहाताच्या गादीसारखं मऊ लागलं तर जाड. वरून बघताना कंबर आत गेलेली दिसायला हवी. जेवण वाटीनं देऊ नका, तराजूवर ग्रॅममध्ये तोलून द्या. सांध्यांसाठी दिलेल्या च्यूच्या कॅलरीही त्यात धरा, दिवसाला तीन-चार च्यू म्हणजे खाऊच झाला.

दुखतंय तर फिरवणं बंद करू का?

अगदी बंद नको. रविवारी दोन तास आणि आठवडाभर काहीच नाही, हा सगळ्यात वाईट प्रकार. रोज, दोन-तीन वेळा, थोडं थोडं, सरळ चालीनं आणि साखळी लावून. चेंडूमागे धावणं, झटकन वळणं, उंचावरून उड्या हे बंद. पाण्यात पोहणं किंवा पाण्यातल्या फिरत्या पट्ट्यावर चालणं मिळालं तर उत्तम, तिथे सांध्यावर भार कमी आणि स्नायूंना काम भरपूर. घरात करण्यासारखं म्हणजे सावकाश बसवणं आणि उठवणं, पाच वेळा, रोज. मांडीसाठी इतका सोपा व्यायाम दुसरा नाही, फक्त उठताना दुखतंय असं दिसलं तर थांबा.

गुळगुळीत फरशी ही या कुत्र्यांची वैरीण. पाय फाकतात, सांध्याला हिसका बसतो, आणि मग कुत्रा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायलाच घाबरतो. त्याच्या वाटेवर न सरकणाऱ्या चटया अंथरा. नखं कापा, पंजांतले केस कमी करा. जाड, न दबणारी गादी द्या. गाडीत चढायला उतरती फळी करा. मी तर म्हणेन चटया आधी घ्या, डबा नंतर.

पिल्लू मोठ्या जातीचं आहे. आतापासूनच सांध्यांचं टॉनिक आणि कॅल्शियम सुरू करू?

कॅल्शियम तर मुळीच नको. मोठ्या जातीच्या पिल्लांना जादा कॅल्शियम दिलं तर हाडांची वाढच बिघडते, कारण लहान वयात आतडं नको तेवढं कॅल्शियम आत येऊ देतं, ते अडवणारी यंत्रणा तेव्हा नीट तयार नसते. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी बनवलेलं संतुलित खाद्य द्या, वर काही टाकू नका, आणि पिल्लू सडपातळ ठेवा. आगाऊ टॉनिकनं डिस्प्लेशिया, म्हणजे खुब्याची किंवा कोपराची सदोष घडण, टळतो याला आधार नाही. पिल्लू घेतानाच आई-बापाच्या खुब्यांचे आणि कोपरांचे एक्स-रे मागणं याला मात्र आधार आहे.

लेबलवर काय बघायचं?

बहुतेक ठिकाणी सप्लिमेंटला औषधासारखी परिणामाची सिद्धता द्यावी लागत नाही, त्यामुळे डोळे आपलेच उघडे हवेत. प्रत्येक घटकाचं प्रमाण मिलिग्रॅममध्ये दिलंय का? "खास मिश्रण ८०० मिलिग्रॅम" एवढंच असेल तर परत ठेवा. बॅच क्रमांक आणि मुदत आहे का? त्रयस्थ प्रयोगशाळेकडून तपासल्याचा दाखला कंपनी मागितल्यावर देते का? "बरा करतो" असं लिहिलं असेल तर मला पुढे वाचायची गरज वाटत नाही.

अख्खा डबा फस्त केला! काय करू?

फोन करा, वाट बघू नका. च्यूना मांसाची चव असते, त्यामुळे हे वरचेवर घडतं. पुष्कळदा उलट्या-जुलाबांवर निभावतं, पण खूप जास्त खाल्लेल्या काही कुत्र्यांत यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. घटकांची यादी, कुत्र्याचं वजन आणि अंदाजे किती च्यू गेले, एवढं हाताशी ठेवा. घरी मीठ पाजून उलटी करवू नका.

किती दिवस देऊन बघायचं?

पूर्ण डोसवर बारा आठवडे. वहीत काही हललं नाही तर बंद करा. हललं असं वाटत असेल तरी एकदा तीन-चार आठवडे थांबवून बघायला हरकत नाही, त्या काळात वही चालू ठेवून. थांबवल्यावर घसरण दिसली तर पुन्हा सुरू करा. वेदनाशामकावर मात्र हा प्रयोग स्वतःहून करू नका.

पुढच्या तपासणीला येताना काय आणू?

जे जे देताय ते सगळं, डब्यासकट. नुसतं नाव सांगू नका, मागची बारीक अक्षरं मला वाचायची असतात. वही. दोन व्हिडिओ, एक सकाळी उठल्याउठल्याचा. आणि कुत्र्याला दवाखान्याच्या दारापर्यंत उचलून आणू नका, शेवटची वीसेक पावलं त्याला चालत येऊ द्या. खिडकीतून मी ती बघत असते.